आधी अंदाज, मग पडदा

प्रश्न : मॅडम, मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या महिन्यात वाशीम जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या माध्यमिक शाळेत माझी आंतरवासिता (इंटर्नशिप) सुरू होतेय. विषय विज्ञान. पाठात तंत्रज्ञान दिसलं नाही तर गुण कमी होतात, म्हणून आम्ही सगळेच पीपीटी करतो. पण सराव पाठांत मी पाहिलंय, पडद्यावर स्लाइड आली की मुलं शांत बसतात आणि नंतर विचारलं तर त्यांना काही सांगता येत नाही. शाळेत एक प्रोजेक्टर आहे, नेटवर्क जेमतेम. मी नेमकं काय वापरू?

उत्तर : तुझ्या पत्रातलं 'मुलं शांत बसतात आणि नंतर काही सांगता येत नाही' हे वाक्य मला फार मोलाचं वाटलं. वर्ग शांत असला की पाठ चांगला झाला असं पुष्कळ निरीक्षकांनाही वाटतं. तुला तसं वाटलं नाही, हे तुझ्या शिक्षकपणाचं चांगलं लक्षण आहे.

बहुतेक पीपीटी म्हणजे फळ्यावर लिहायचा मजकूर घरून लिहून आणलेला असतो. त्यात मुलांचं एक नुकसान होतं. तू फळ्यावर आकृती काढतेस तेव्हा एकेक रेघ येत जाते, मुलं तुझ्या हाताबरोबर विचार करतात, मध्येच कुणीतरी 'बाई, ती तार तिकडं का नेली?' असं विचारतो. स्लाइडवर आकृती पूर्ण होऊनच येते. विचारायला जागाच उरत नाही. म्हणून जे फळ्यावर काढता येतं ते फळ्यावरच काढ. पडदा राखून ठेव तो फळ्यावर न दाखवता येणाऱ्या गोष्टीसाठी : जे डोळ्यांना दिसत नाही, किंवा जे हलतं, बदलतं आणि बदलल्याशिवाय कळत नाही.

विद्युतधारेचा पाठ घेऊ, कारण परभणीकडच्या शाळांमध्ये मी तो वर्षानुवर्षं शिकवला आणि पुढे अध्यापक विद्यालयात छात्राध्यापकांकडून बसवून घेतला. दोन विद्युतघट, तारा, आणि एकसर जोडणीत, म्हणजे एकाच वाटेवर एकापाठोपाठ जोडलेले, दोन दिवे. जोडणी पूर्ण करण्याआधी वर्गाला विचार : कोणता दिवा जास्त प्रकाश देईल? हात वर करायला लाव, आणि त्याआधी उत्तर वहीत लिहायला लाव, नाहीतर हुशार मुलाकडे पाहून सगळे हात वर होतात. निम्म्याहून जास्त मुलं सांगतील, पहिला. कारण विचारलं की म्हणतील, वीज आधी त्याच्याकडं जाते, तो थोडी खर्च करतो, उरलेली दुसऱ्याला मिळते. हे उत्तर चूक असलं तरी त्यात विचार आहे, आणि तुझा पाठ इथून सुरू होतो.

आता खरे दिवे लाव. इथं एक अडचण येते, ती तयारीतच कळलेली बरी. जुने तार असलेले टॉर्चचे बल्ब आता सहज मिळत नाहीत. तालुक्याच्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत विचारून ठेव. एलईडी घेऊन हा प्रयोग करायला जाऊ नकोस. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, दोन एकसर जोडले तर सहाच्या आसपास. तुझ्याकडं दोन घटांचे मिळून ३. एकही दिवा पेटणार नाही, शिवाय एलईडी उलटा जोडला तरी लागत नाही, आणि वर्गाला वाटेल प्रयोगच फसला. तारेचे बल्ब मिळाले तरी दोन बल्ब अगदी सारखे क्वचितच असतात. एक थोडा मंद दिसतो. तो नेमका दुसऱ्या जागी असला की मुलं ओरडतात, 'बघा बाई, आम्ही सांगितलं होतं!'

त्या क्षणी घाबरून 'तसं नसतं' म्हणू नकोस. दोन्ही बल्बांची जागा बदलायला एखाद्या मुलीला पुढं बोलाव. मंद बल्ब आता पहिल्या जागी आला, तरी मंदच राहिला. वर्गाला दिसलं की जागेचा संबंध नाही. पण तारेच्या आत चाललंय काय, हे अजून दिसलेलं नाही. आणि ते या प्रयोगातून दिसणारही नाही. इथं पडदा लाव.

यासाठी फेट (PhET) वापर. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला हा प्रकल्प आहे. विज्ञान-गणिताची शंभराहून अधिक चलत् प्रतिरूपं (सिम्युलेशन) त्यांनी फुकट ठेवली आहेत आणि त्यातली बरीचशी मराठीतही आहेत. त्यात विद्युतमंडल जोडायचा एक संच आहे. घट, दिवे, तारा ओढून आणायच्या आणि जोडायच्या. जोडणी पूर्ण झाली की तारेतून निळे इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात. पहिल्या दिव्याच्या आधी, दोन दिव्यांच्या मध्ये आणि दुसऱ्याच्या नंतर असा तीन ठिकाणी धारा मोजणारा अमीटर लाव. प्रत्येक वेळी आधी विचार, आकडा कमी होईल, वाढेल की तोच राहील? मग लाव. तिन्ही ठिकाणी आकडा तोच. मग एक तार तोडायला सांग, पण आधी अंदाज घे. काही मुलांना वाटतं की तुटलेल्या जागेच्या पुढचे इलेक्ट्रॉन तरी पुढं जात राहतील. सगळेच्या सगळे एकदम थांबतात. मी हे पहिल्यांदा एका छात्राध्यापिकेच्या पाठात पाहिलं तेव्हा मागच्या बाकावरची मुलं उभी राहिली होती. 'पुन्हा, पुन्हा' म्हणत होती. तार जोडणारा आणि तोडणारा हात मुलाचा असू दे, तुझा नको.

एका प्रश्नाची तयारी करून जा. पुस्तकात धारा घटाच्या धन टोकाकडून ऋण टोकाकडे दाखवलेली असते आणि पडद्यावर इलेक्ट्रॉन उलट दिशेनं जातात. चौकस मुलगा हे पकडतोच. धारेची दिशा माणसांनी इलेक्ट्रॉनचा शोध लागण्यापूर्वी ठरवली होती आणि तीच पुढं चालू राहिली, एवढं सरळ सांग. मुलांना असं खरं सांगितलेलं आवडतं.

पडद्याचं काम दहा मिनिटांच्या आत संपव. पस्तीस मिनिटांच्या तासात त्याहून जास्त त्याला देऊ नकोस. बंद केल्यावर मुलांना वहीत आकृती काढून 'दुसऱ्या दिव्याला तितकीच धारा का मिळते' हे स्वतःच्या शब्दांत लिहायला लाव. त्या वह्या घरी नेऊन वाच. मुलांना काही सांगता येतं की नाही, ते तिथंच कळेल.

नेटवर्कचं म्हणशील तर, फेटची नवी प्रतिरूपं एकेका फाइलच्या रूपात उतरवून घेता येतात आणि नंतर नेटशिवाय चालतात. कॉलेजच्या वायफायवर उतरव, आणि घरी मोबाइल विमान मोडवर टाकून एकदा पूर्ण चालवून पाहा. वर्गातही तो मोड चालू ठेव. पाठाच्या मध्ये घरून फोन येणं वाईट दिसतं. शाळेचा प्रोजेक्टर आदल्या दिवशी जाऊन लावून बघ. केबल तुझ्या लॅपटॉपला बसते का, वर्गाच्या खिडक्यांतून ऊन कुठल्या वेळी येतं, पिन बसेल असं प्लगचं भोक भिंतीत आहे का. वीज गेली तर काय, याचंही उत्तर खिशात ठेव. ते साधं आहे : मुलांचे सहा-सहाचे गट करून एक गट तुझ्या मोबाइलवर, बाकीचे गट खऱ्या घट-दिव्यांवर, आणि दर थोड्या वेळानं अदलाबदल. खरं सांगायचं तर मला हा प्रकार प्रोजेक्टरपेक्षा जास्त आवडतो.

आणि गुणांबद्दल. पाठ टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, 'शैक्षणिक साधने' या रकान्यात नुसतं 'पीपीटी, प्रोजेक्टर' लिहितात. तू लिही : 'एकसर जोडणीत धारा सर्वत्र समान असते हे अमीटरने तीन ठिकाणी मोजून दाखवण्यासाठी प्रतिरूप, अंदाजे ८ मिनिटे, हाताळणी विद्यार्थ्यांची.' असं लिहिलेलं टाचण वाचणारा निरीक्षक गुण कापेल असं मला वाटत नाही. कापलेच, तर मला पुन्हा लिही.

प्रश्न : मी डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांची पदविका) करतोय. आमच्यातले बरेच जण चॅटजीपीटीकडून पाठ टाचण लिहून घेतात. पाच मिनिटांत छान मराठीत तयार होतं. यात चूक आहे का?

उत्तर : टाचण ही वही सरांना दाखवण्यासाठी असेल, तर यंत्रानं लिहिलेलं काय आणि मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याच्या वहीतून उतरवलेलं काय, सारखंच. दोन्हींत तू त्या वर्गात मनानं एकदाही उभा राहिलेला नसतोस. टाचण लिहिताना तुला आठवतं की तिसऱ्या रांगेतल्या त्या मुलीला अजून हातचा येत नाही, आणि मग तू उदाहरण बदलतोस. ती मुलगी यंत्राला माहीत नाही.

पण त्याचा एक उपयोग मला मनापासून चांगला वाटतो. त्याला विचार, 'पाचवीच्या मुलांना १/३ आणि १/४ ची बेरीज दिली तर ती कोणकोणत्या चुका करतील आणि का?' ते सांगेल की काही मुलं वरच्याची वर आणि खालच्याची खाली बेरीज करून २/७ लिहितील. मग पुढं विचार, ०.३५ आणि ०.५ यांत मोठी संख्या कोणती या प्रश्नावर? ०.३५ म्हणणारी मुलं असतील, कारण ३५ हा ५ पेक्षा मोठा. नव्या शिक्षकाकडं नेमकी हीच शिदोरी नसते. वर्गात काही वर्षं काढल्यावर ती जमते. अशी यादी घेऊन वर्गात जा, दोन-तीन प्रश्न मुलांना सोडवायला दे, आणि यादीतल्या कोणत्या चुका तुझ्या वर्गात खरोखर आहेत ते तपास. यादीत नसलेली चूक सापडली तर ती वेगळ्या वहीत लिहून ठेव. टाचण त्यानंतर स्वतःच्या हातानं लिही.

एक पथ्य मात्र पाळ. यंत्रानं सांगितलेली व्याख्या, सन, प्रयोगाची कृती बालभारतीच्या पुस्तकाशी ताडून पाहिल्याशिवाय वर्गात नेऊ नकोस. चुकीचं उत्तरही ते तितक्याच ठाम सुरात देतं. पुस्तकांच्या पीडीएफ बालभारतीनं फुकट दिल्या आहेत, तेव्हा सबब नाही.

प्रश्न : मी तासिका तत्त्वावर शिकवते. वर्गातल्या उपक्रमांचे फोटो, व्हिडिओ शाळेच्या ग्रुपवर टाकावे लागतात, बरेच शिक्षक स्टेटसलाही ठेवतात. हे योग्य आहे का?

उत्तर : उपक्रमाची नोंद म्हणून मुलांच्या हातांचे, वह्यांचे, तक्त्यांचे फोटो घ्या. चेहरा दिसणारे फोटो स्वतःच्या स्टेटसला कधीच ठेवू नका. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल मानली आहे आणि मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी असं म्हटलं आहे. कायद्याच्याही आधी मला आठवतं ते चुकलेलं गणित फळ्यावर सोडवणाऱ्या मुलाचं तोंड. तो व्हिडिओ गावभर फिरला तर तो पुन्हा फळ्याकडं येईल का? ग्रुपवर टाकण्याची सक्ती असेल तर शाळेच्या वरिष्ठांकडं लेखी संमतीपत्रांचा विषय नम्रपणे काढा. पालकसभेत अर्ध्या तासात काम होतं.

प्रश्न : मी धारणी तालुक्यातला, डी.एल.एड. झालेला. टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास आहे, नियुक्तीची वाट बघतोय. मेळघाटातल्या शाळेवर गेलो तर पहिलीची मुलं घरी कोरकू बोलणारी असतील. मलाही कोरकू येतं, पण पुस्तक मराठी. नेटवर्क बऱ्याच ठिकाणी नाही. तिथं कोणतं तंत्रज्ञान उपयोगी?

उत्तर : तुझ्या खिशातल्या मोबाइलमधला आवाज रेकॉर्ड करण्याचा भाग. त्याला नेट लागत नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा सगळ्यांना त्यांचे पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड आठवले. मला त्यांच्या कामात त्याच्याही आधीची पायरी जास्त महत्त्वाची वाटते : त्यांच्या शाळेतल्या मुलींची घरची भाषा कन्नड होती, म्हणून त्यांनी पुस्तकाचा आशय आधी कन्नडमध्ये नेला, आणि कोड त्यानंतर आला. मुलीला काय कळत नाहीये हे त्यांनी आधी शोधलं.

तुला कोरकू येतं, म्हणजे तुझी अर्धी वाट आधीच चालून झाली आहे. नियुक्तीची वाट बघतोयस ना? हे महिने वाया घालवू नकोस. गावातल्या आज्यांकडून गोष्टी, गाणी, कोडी त्यांच्या परवानगीनं रेकॉर्ड कर. आज्या दमतात, म्हणून एका वेळी एकच गोष्ट घे आणि दोन-तीन मिनिटांच्या तुकड्यांत ठेव. प्रत्येक फाइलला नाव दे : गाव, सांगणारीचं नाव, गोष्ट कशाची. नुसत्या तारखेची नावं ठेवलीस तर सहा महिन्यांनी तुलाच सापडणार नाहीत. एक प्रत पेनड्राइव्हवर काढ.

शाळा मिळाली की पहिलीच्या वर्गात गोष्ट कोरकूत ऐकव. मध्येच थांबव आणि 'आता काय होईल?' असं कोरकूतच विचार. मुलं बोलायला लागली की त्याच गोष्टीतले चार-पाच मराठी शब्द चित्रांसह फळ्यावर आण. दुसरी-तिसरीच्या मुलांसाठी आणखी एक कर. प्रत्येक मुलाचं एका परिच्छेदाचं मराठी वाचन रेकॉर्ड कर आणि त्याचं त्यालाच ऐकव, एकट्याला, वर्गासमोर नाही. कुठं अडखळलो हे मूल आपणहून सांगतं. तोच परिच्छेद काही आठवड्यांनी पुन्हा वाचून घे आणि दोन्ही आवाज एकापाठोपाठ लाव. त्याचे आईवडील शाळेत येतील तेव्हा त्यांनाही ऐकव. ज्यांना स्वतःला वाचता येत नाही त्यांनाही आपल्या मुलाचं वाचन सुधारलेलं कानांनी कळतं.

छोटा स्पीकर घेणार असशील तर चार्जिंगचाच घे, आणि तो घरून भरून नेत जा.