दूध तापवलं की प्रोटीन मरतंय काय? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार. आमच्या घरी दोन म्हशी आहेत. सासूबाई दूध सकाळी तापवतात, दुपारी तापवतात आणि रात्री झोपताना परत एकदा तापवतात, त्याशिवाय त्यांना झोपच येत नाही. आता आमचा मुलगा बेळगावात जिमला जायला लागलाय, तिथं त्याला कुणीतरी सांगितलंय की तापवल्यावर दुधातलं प्रोटीन मरतं, म्हणून तो धारोष्णच मागतोय. रोज वाद. आणि माझं वेगळंच, दूध प्यायलं की पोट फुगतं, तर सासूबाई म्हणतात जरा आटवून पी, पचेल. कोण बरोबर सांगा की. – एक गृहिणी, येळ्ळूर

उत्तर : ताई, निकाल आधीच सांगतो. पहिल्या वादात सासूबाई बरोबर, दुसऱ्यात मात्र त्या चुकल्या.

"मरतं" ह्या शब्दानंच सगळा घोळ केलाय बघा. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ, लोकरीच्या गुंड्यासारखी गुंडाळलेली. उष्णता लागली की गुंडा सुटतो, पण लोकर तेवढीच राहते, आणि शरीराला पाहिजे असते ती लोकर, गुंडा नाही. चिरंजीव उकडलेली अंडी खातात ना? तिथं प्रोटीन मेलं म्हणत नाहीत! उलट कच्च्या अंड्यापेक्षा उकडलेल्यातलं प्रोटीन अंगाला जास्त लागतं.

दुधात मुख्य दोन जातीची प्रोटीनं. साधारण ८० टक्के केसिन आणि राहिलेलं २० टक्के व्हे, म्हणजे दूध नासल्यावर जे पाणी उरतं त्यातलं. केसिन फार चिवट, दूध खळाखळा उकळलं तरी ते जागचं हलत नाही, म्हणून तर ताजं दूध उकळून फुटत नाही. व्हे मात्र ७० अंशाच्या पुढं उलगडायला लागतं आणि उलगडलं की जाऊन केसिनच्या कणांना चिकटतं. तापवलेल्या दुधाला जो वेगळा वास येतो तो त्यातलाच, उलगडताना आतलं गंधक उघडं पडतं त्याचा. ह्या चिकटण्याचा फायदा तुम्ही रोज घेताय, नीट तापवलेल्या दुधाचं दही घट्ट लागतं आणि नुसत्या कोमट केलेल्या कच्च्या दुधाचं पातळ, पाणी सुटलेलं. करून बघायचं असेल तर दोन वाट्या लावून बघा, फक्त कच्च्याची चाखू नका.

पोटातही असंच. पोटातल्या आम्लानं आणि पेप्सिन नावाच्या पाचकरसानं दुधाची गुठळी होते. कच्च्या दुधाची गुठळी घट्ट, रबरासारखी, आणि तापवलेल्याची मऊ, भुसभुशीत, त्यामुळं पाचकरस आत लवकर शिरतात. व्हेमधलं जे मुख्य प्रोटीन, बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन, ते कच्चं असताना पेप्सिनला दादच देत नाही, उलगडल्यावर मात्र तुटतं. आणि जिमवाल्यांच्या डब्यातली व्हे पावडर कशी होते माहीत आहे काय? चीज करताना उरलेलं पाणी, तेही पाश्चराइज केलेल्या, म्हणजे जंतू मारायला तापवलेल्या दुधाचं, वर गरम हवेत वाळवलेलं. ती चालते आणि आजीनं तापवलेलं दूध चालत नाही, हे काय मला झेपत नाही.

धारोष्णाचा हट्ट मात्र मोडून काढा. म्हैस घरची आहे, धडधाकट दिसते, तरी तिच्या दुधातून ब्रुसेलोसिस नाहीतर जनावरांचा टीबी माणसाला येऊ शकतो, आणि ते दिसून येत नाही. पाकिटातलं दूध डेअरीत ७२ अंशावर १५ सेकंद धरून पाश्चराइज करूनच येतं, पण गवळ्याचं किंवा घरचं दूध एकदा नीट उकळी येऊ द्यावीच लागते.

तीन-तीनदा तापवायची गरज नाही, फ्रीज असेल तर एकदा पुरे. फार वेळ तापलं की थोडी बी-गटातली जीवनसत्त्वं जातात आणि लायसिन नावाचं अमिनो आम्ल दुधातल्या साखरेला चिकटून अडकून बसतं. ह्या क्रियेला १९१२ साली ती मांडणाऱ्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या नावानं मेलार्ड म्हणतात, आणि तिचा रंग बघायचा असेल तर आपला बेळगावी कुंदा बघा! तो तपकिरी रंग नि खमंगपणा मोठा भाग ह्याच क्रियेचा. रोजच्या उकळीत एवढं होत नाही, लायसिन फार थोडं जातं. तरी ज्यांचं पोट मुख्यतः ज्वारीच्या भाकरीवर आहे त्यांनी लक्षात ठेवावं, ज्वारीत लायसिन कमीच, ते दूध नि डाळीतनंच भरून निघतं.

आता तुमचं पोट. ते बहुतेक प्रोटीनमुळं नाही, लॅक्टोजमुळं, म्हणजे दुधातल्या साखरेमुळं फुगतं. ती पचवायचं लॅक्टेज हे एन्झाइम मोठेपणी बऱ्याच जणांत कमी होतं. उकळून लॅक्टोज जात नाही, आणि आटवलं की पाणी उडून तेवढ्याच कपात साखर जास्त येते! म्हणून आटवून नको. दही, ताक घ्या, दूध घ्यायचंच तर अर्धा कप, तेही जेवणाबरोबर. महिनाभरात फरक नाही पडला, किंवा वजन उतरत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : नातू दहा महिन्यांचा आहे. म्हशीचं दूध पाणी घालून, चांगलं उकळून पाजलं तर चालेल ना? – एक आजोबा, निपाणी

उत्तर : नको. वर्षाच्या आत वरचं दूध मुख्य आहार म्हणून देऊ नये, त्यात लोह अगदी कमी असतं आणि पाणी घातलं की बाकीचंही पातळ होतं. खिरीत चमचाभर पडलं तर हरकत नाही. पण दुधानं अंगावर गांधी येत असतील तर उकळून काही होत नाही, अॅलर्जी करणारं केसिन उकळीला भीत नाही. बालरोगतज्ज्ञांना विचारा.

प्रश्न : चीक वाफवला की खरवस होतो, मग साधं दूध का गोठत नाही? – एक शाळकरी मुलगी, खानापूर

उत्तर : झकास प्रश्न. साध्या दुधात उष्णतेनं गोठणारी प्रोटीनं थोडी. चिकात मात्र वासरासाठी असलेली रोगप्रतिकारक प्रोटीनं भरपूर असतात आणि ती अंड्यासारखी घट्ट बसतात. दिवसागणिक ती कमी होत जातात, म्हणून तिसऱ्या दिवसाच्या चिकात जास्त दूध घातलं तर वडी पडत नाही. पण पहिला चीक आधी वासराला, तोही जन्मल्यावर काही तासांतच, कारण दिवसभरानंतर त्याचं आतडं ती प्रोटीनं तशीच्या तशी आत घेत नाही. उरलेल्याचा खरवस करा, वेलची घालून.