ताळा करता येईल तो प्रश्न

आईने मोबाईल माझ्या टेबलावर पालथा ठेवला आणि त्यावर स्वतःची पर्स ठेवली.

"चार दिवस माझ्याकडेच आहे, मॅडम. रात्री उशीखाली घेऊन झोपते."

वडील शेजारच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसले होते. भांडुपला राहणारं कुटुंब. ते मंत्रालयात लिपिक, ती मुलुंडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिसेप्शनला. मुलगी दहावीत, मराठी माध्यमात. ती आली नव्हती, रुसून घरीच बसली होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलीला आपण श्रेया म्हणू.)

झालं होतं ते असं. जूनपासून श्रेया टेलिग्रामवरच्या अभ्यासाच्या एका ग्रुपमध्ये अनोळखी लोकांना प्रश्न विचारत होती. घरात कुणाला पत्ता नव्हता. सप्टेंबरात एका रात्री साडेअकराला तिच्या मोबाईलवर मेसेज आला, "झोपलीस का?" पाठवणाऱ्याच्या नावापुढे 'सर' लिहिलेलं. शाळेचे नव्हेत, क्लासचे नव्हेत, कुठलेच सर नव्हेत. वडिलांनी तिथल्या तिथे मोबाईल काढून घेतला. सगळं पुसून टाकणार होते, पण आई म्हणाली, आधी कुणाला तरी दाखवू. तिच्या त्या एका वाक्याचा पुढे फार उपयोग झाला.

"मुलं नेटवर परक्यांना अभ्यासाचं विचारतात, हे बंद कसं करायचं?" हा प्रश्न माझ्याकडे वर्षभर येतो. सहामाही जवळ आली की जरा जास्तच. मी उलट एकच विचारते, तेच इथेही विचारलं.

"तिने काय विचारलं होतं?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. त्या 'सरां'चा प्रत्येक मेसेज दोघांनी तीन-तीनदा वाचला होता. मुलीचा एकही प्रश्न वाचलेला नव्हता. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. घाबरलेला माणूस आधी चोर शोधतो, घरातून काय गेलं ते नंतर बघतो.

पुढच्या खेपेला श्रेया आली. मोबाईल मी तिच्या हातात दिला आणि म्हटलं, तुला दाखवावंसं वाटेल तेवढंच दाखव. पहिली पाच मिनिटं ती नुसती स्क्रीन वर-खाली करत होती. मग म्हणाली, "हे बघा. हे मी पहिल्यांदा विचारलेलं."

वर्गसमीकरणाचं गणित होतं. एक होडी नदीच्या प्रवाहाबरोबर ३६ किलोमीटर जाते आणि तेवढंच उलट येते. एकूण ९ तास लागतात. प्रवाहाचा वेग ताशी ३ किलोमीटर, तर संथ पाण्यात होडीचा वेग किती? गणित तिने स्वतःच सोडवलं होतं. दोन उत्तरं आली होती, ९ आणि −१. तिचा प्रश्न उत्तराचा नव्हताच. तिने लिहिलं होतं: "−१ का टाकायचा? समीकरणात घातला तर तो पण बरोबर येतो."

आणि खरंच येतो. −१ मध्ये ३ मिळवा, २ झाले. ३६ भागिले २, म्हणजे १८ तास. −१ मधून ३ वजा करा, −४. ३६ भागिले −४, म्हणजे −९ तास. १८ आणि −९ मिळून ९. समीकरणाची काही तक्रार नाही.

क्लासच्या सरांना तिने हे विचारलं होतं. साठ मुलांची बॅच. ते म्हणाले, "टाकून दे, ऋण वेग नसतो, पुढचं घ्या." घरी पप्पांना विचारलं तर, "शाळेत लक्ष कुठे असतं तुझं?" ग्रुपवर मात्र कुणीतरी रात्री दहा वाजता सहा ओळी लिहिल्या होत्या. ताळा करून दाखवला होता आणि शेवटी लिहिलं होतं, "उणे नऊ तासांत कोणी घरी येतं का? समीकरणाला होडी दिसत नाही, तुला दिसते."

हे वाचून, खरं सांगते, मलाही त्या अनोळखी माणसाचं कौतुक वाटलं. हा माणूस 'सर' नव्हे, दुसराच. तो पुन्हा कधी तिच्याशी बोललाही नाही. पण दहावीच्या मुलीला रात्री दहाला असं कुणी समजावून सांगितलं तर ती दुसऱ्या दिवशी तिथे परत जाणारच.

गेली. आणि हळूहळू प्रश्न बदलत गेले. रेल्वेच्या सवलतीच्या पासासाठी शाळेतून काय आणायचं. दहावीनंतर कॉमर्स घेतलं तर लोक ढ समजतात का. आई-पप्पा दोन-दोन दिवस बोलत नसतील तर मध्ये पडायचं की नाही. मग ऑगस्टमधला एक प्रश्न. तो दाखवताना तिने स्क्रीनवर अंगठा ठेवला होता, तो सावकाश बाजूला घेतला: "पाळी चाळीस दिवसांनी आली तर काही असतं का?"

त्याला अकरा उत्तरं होती. एकीने थायरॉईड सांगितला. एकाने पपई खा म्हटलं. एकाने चक्क गोळीचं नाव दिलं होतं. एकीनेच नीट सांगितलं होतं, की सुरुवातीच्या वर्षांत असं बऱ्याच मुलींचं होतं, पण काळजी वाटत असेल तर आईला घेऊन डॉक्टरकडे जा. तिला ते उत्तर सर्वांत कंटाळवाणं वाटलं होतं.

"मग तू काय केलंस?"

"पपई खाल्ली," ती म्हणाली, आणि आम्ही दोघीही हसलो.

तिथेच मला हवा असलेला शब्द सापडला, तोही तिच्याच वहीत. ताळा. होडीच्या गणिताला ताळा आहे. सांगणारा कोणी का असेना, प्रोफेसर असो की टवाळ, ९ घालून बघता येतं: जाताना १२ च्या वेगाने ३ तास, येताना ६ च्या वेगाने ६ तास, बेरीज ९. माणसावर विश्वास ठेवायची गरजच पडत नाही. पाळीच्या उत्तराचा ताळा पंधरा वर्षांची मुलगी कशी करणार? तिथे सांगणारा कोण आहे हेच सगळं. म्हणून परक्यांना विचारायचं ते ज्याचा ताळा आपल्याला करता येतो ते, आणि जिथे ताळा जमत नाही तिथे चेहरा माहीत असलेला माणूस शोधायचा, एवढंच मी तिला सांगितलं. (हल्ली बरीच मुलं माणसांना सोडून एआयला विचारतात. तिथेही मी हेच सांगते. ते यंत्र चुकीचं उत्तरही तितक्याच ठसक्यात देतं.)

आता तो 'सर'.

त्याने तिला तीन आठवडे भूमिती शिकवली होती, आणि चांगली शिकवली होती. पालकांना हे पचत नाही. त्यांना वाटतं, वाईट माणूस पहिल्या दिवसापासून वाईट बोलतो. त्याने आधी लिहिलं, "ग्रुपवर गोंधळ असतो, पर्सनलला ये." मग, "घरी सांगू नकोस, उगाच मोबाईल काढून घेतील." मग प्रमेयांपेक्षा तिच्याबद्दलच विचारणं वाढलं. घरी कोण असतं, आई किती वाजता येते. शेवटी, "एक फोटो पाठव ना, चेहरा समोर असला की शिकवायला बरं पडतं." फोटो तिने पाठवला नव्हता. पण सांगितलंही नव्हतं कुणाला, कारण मोबाईल काढून घेतील हे त्याचं भाकीत खरं ठरणार हे तिला ठाऊक होतं. आणि ते खरं ठरलंच.

तिला वाटत होतं आपण स्वतःबद्दल काहीच सांगितलेलं नाही. मी तिने ग्रुपवर टाकलेला वहीचा एक फोटो मोठा करून दाखवला. गणित पानाच्या मध्यभागी होतं. पण वहीचं कव्हर मागे दुमडलेलं, त्यामुळे डावीकडच्या कोपऱ्यात लेबल आलं होतं: पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक, शाळा. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. "हे तर आईने लिहिलंय," म्हणाली. आईचं अक्षर सुरेख आहे, प्रत्येक वेलांटी वाचता येत होती.

त्या आठवड्यात आम्ही तिघांनी मिळून त्या माणसाच्या मेसेजचे स्क्रीनशॉट काढले, त्याचं युजरनेम आणि तारखा दिसतील असे. मग ब्लॉक केलं. क्रम हाच हवा. आधी पुसलं तर हातात काही राहत नाही. आईने सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे तिथे तक्रार नोंदवली. लैंगिक हेतूने मुलांशी मोबाईल-इंटरनेटवरून वारंवार संपर्क साधणं हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, हे वडिलांना माहीत नव्हतं. ते मुलीलाच दोष देत होते. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन चोवीस तास चालते, हे श्रेयाकडून मी पाठ करून घेतलं. पैसे गेले असतील तर १९३०. त्याची इथे गरज नव्हती, पण मागच्या वर्षी 'ओरिजिनल पेपर' म्हणून आठशे रुपये घालवलेला एक मुलगा माझ्याकडे आला होता, म्हणून सांगून ठेवते.

वडील अजून धुसफुसत होतेच. "मॅडम, आम्ही शिकलो ना, आम्हाला कुठे लागली परकी माणसं?"

ते वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेले. १६० चौरस फुटांची खोली आणि माणसं सात. मी विचारलं, मग अभ्यास कुठे करायचात?

"गल्लीत. अभ्यास गल्लीत."

मुंबईकरांना सांगायला नको. वरळीचा सुदाम काळू अहिरे मार्ग. फुटपाथवर, दिव्याखाली मुलं पुस्तकं घेऊन बसतात. ज्यांच्या घरी टेकायला जागा नाही अशांच्या पिढ्या तिथे शिकल्या.

"आणि अडलं तर?"

"असायचं की कोणी ना कोणी. एक इंजिनिअरिंगचा मुलगा यायचा. त्याने मला सगळं त्रिकोणमिती..." ते थांबले. "नाव पण माहीत नाही त्याचं."

खोलीत जरा शांतता झाली. आईने बाटलीतलं पाणी प्यायलं. मग ते म्हणाले, "पण तो समोर दिसायचा, मॅडम. आणि आजूबाजूला पन्नास पोरं असायची. त्याने मला कोपऱ्यात नेऊन नाही शिकवलं."

मी कितीतरी वेळ शोधत होते ते वाक्य त्यांनीच बोलून टाकलं. चारचौघांत. परका माणूस चारचौघांत शिकवत असेल तर तो गल्लीतला दादा. तोच बाजूला चल म्हणाला की उठून घरी यायचं, मग तो भूमिती कितीही छान शिकवो. श्रेयाला हे ग्रुप आणि पर्सनल चॅटच्या भाषेत सांगायला मला अर्धा तास लागला असता. वडिलांनी घरी जाऊन तिला गल्लीच्या भाषेत सांगितलं. ती म्हणे पहिल्यांदाच त्यांना विचारत होती, पप्पा, पावसात कुठे बसायचात?

आईचं दुखणं वेगळं होतं. पाळीचा प्रश्न श्रेयाने तिला माझ्यासमोर स्वतः सांगितला. ती काही बोलली नाही. निघताना दारात थांबून म्हणाली, "लॅबमध्ये रोज बायका येतात ह्याच तपासण्यांना. मी त्यांना समजावून सांगते, घाबरू नका म्हणते. आणि ही पपई खात होती." त्याच आठवड्यात दोघी डॉक्टरकडे जाऊन आल्या. काळजीचं काही निघालं नाही.

मोबाईल परत द्यावा की नाही, यावर मी ठाम होते: द्यावा. काढून घेतला तर 'सर' म्हणत होता तेच खरं होतं, आणि पुढच्या वेळी मुलगी दुप्पट लपवते. दिला. ग्रुप राहिला. मोबाईल नंबर कुणालाच दिसणार नाही अशी सेटिंग तिने स्वतः केली. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये तो सगळ्यांना दिसतो, म्हणून तिथल्या अनोळखी ग्रुपमधून ती बाहेर पडली. गणित आता पाठकोऱ्या कागदावर उतरवून त्याचा फोटो टाकते. वह्यांवरची लेबलं मात्र आईच्याच अक्षरात आहेत.

डिसेंबरात वडिलांचा फोन आला. "मॅडम, तिने काल मला शेअर्सचं गणित विचारलं. दर्शनी किंमत, बाजारभाव. दहावीला हे असतं?"

म्हटलं, बीजगणितात अर्थनियोजनाचा धडा आहे.

"मला काही येईना. तसं सांगितलं तिला, येत नाही म्हणून. मग ऑफिसात हिशेबातल्या एका मुलाला विचारून आलो." जरा थांबून म्हणाले, "चूक सांगितलं होतं त्याने. तिनेच ताळा करून दाखवला."

रात्री मोबाईल बाहेरच्या खोलीत दहाला ठेवायचा की साडेदहाला, यावर मात्र त्यांच्याकडे अजून भांडण चालू आहे. त्यात मी पडले नाही.