कागद नेमका कुठे थांबतो?

प्रश्न : चोपडा तालुक्यात माझं सेवा केंद्र आहे. लेझर प्रिंटर सारखा ‘पेपर जाम’ दाखवतो. कधी दोन-तीन पानं एकदम ओढतो, तर कधी आत कागद नसतानाही जामचा दिवा लागतो. दुरुस्तीवाले फ्युजर बदला म्हणतात. पीककर्जाच्या दिवसांत सातबारा-आठ अ काढायला रांग लागते. काय करू? – एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, फ्युजरला तूर्त हात लावू देऊ नका. शाईची भुकटी उष्णतेने कागदावर पक्की करणारा हा भाग कागदाच्या वाटेच्या शेवटी असतो. दोन पानं एकदम ओढली जातात ती वाटेच्या सुरुवातीला, ट्रेपाशी. शेवटचा भाग बदलून सुरुवातीचा बिघाड जाणार कसा?

आधी कॉम्प्युटरची केबल काढा आणि प्रिंटरच्याच बटणावरून चाचणीची पानं काढा. तीही अडकली, तर दोष प्रिंटरचा किंवा कागदाचा. ड्रायव्हर, विंडोज यांच्या मागे लागायचं कारण नाही. मग एकेक सुटा कागद देऊन पाहा. सुटा कागद दर वेळी नीट बाहेर येतो आणि गठ्ठा ठेवला की डबल ओढतो, असं असेल तर पुढची सगळी वाट ठीक आहे. बहुधा सेपरेशन पॅड, म्हणजे एका वेळी एकच पान पुढे सोडणारी रबरी पट्टी, झिजलंय. फ्युजरच्या मानाने ते फारच स्वस्त पडतं. याउलट रोलर नुसता फिरतो आणि कागद उचलतच नाही, असं दिसलं तर पिकअप रोलर, म्हणजे ट्रेमधून कागद उचलणारा रबरी रोलर, गुळगुळीत झालेला असतो. प्रिंटर बंद करून तो किंचित ओल्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा. थिनर, पेट्रोल अजिबात नको, रबर खराब होतं.

मला सगळ्यात भरवशाची वाटते ती अर्धवट पानाची चाचणी. पान निम्मं आत गेलं की झाकण उघडा, प्रिंटर थांबेल. कागदाचं पुढचं टोक कुठे आहे ते बघा. अक्षरांवर बोट फिरवल्यावर शाई भुकटीसारखी पुसली गेली, तर तो भाग अजून फ्युजरपर्यंत पोचलेलाच नाही. कागदाच्या चुण्या होऊन तो फ्युजरपाशीच गोळा झालेला दिसला, तरच फ्युजरवर संशय घ्या. तो भाग चटका बसेल इतका तापतो, निवल्याशिवाय हात घालू नका. टोनर, म्हणजे शाईच्या भुकटीचा डबा, बाहेर काढलात तर लगेच कापडाने झाका, उजेडाने त्यातला अक्षरं उमटवणारा ड्रम खराब होतो.

आता कागद नसताना लागणाऱ्या दिव्याबद्दल. वाटेत प्लॅस्टिकच्या लहान पट्ट्या असतात. कागद आला की पट्टी ढळते, गेला की परत जागेवर येते. ठरलेल्या वेळात तो आला नाही किंवा पुढे सरकला नाही, की प्रिंटर जाम समजतो. फाटलेल्या पानाचा नखाएवढा तुकडा पट्टीखाली राहिला, तरी त्याला कागद आहे असंच वाटतं. प्लग काढा, टॉर्च धरा, पट्टी बोटाने हलवा. ती आपोआप परत आली पाहिजे.

कागदही तपासा. आपल्याकडे वैशाखात हवा इतकी कोरडी असते की पानं एकमेकांना चिकटतात, आणि पावसाळ्यात उघड्या रिमची पानं दमट होऊन वळतात. रिम वेष्टनातच ठेवा, लागतील तेवढीच पानं काढा, ट्रेमध्ये घालण्यापूर्वी फडकवून सुटी करा. पॅड बदलायच्या आधी नव्या रिमचा गठ्ठा ठेवून चाचणी एकदा घ्या. कित्येकदा तेवढ्यावरच डबल ओढणं थांबतं.