बहिणीला आधीपासून बीपीची टेल्मिसार्टन चालू आहे, आता दुसरा महिना लागलाय, तीच गोळी चालेल का?

नाही, टेल्मिसार्टन गरोदरपणात चालत नाही, पण म्हणून आज गोळी बंद करून गप्प बसू नका, आजच डॉक्टरांना फोन करून बदलून घ्या. मी कोल्हापुरात मेडिकल चालवतो, फार्मसी शिकलोय, आणि अशी जुनी चिठ्ठी घेऊन येणाऱ्यांना हेच सांगतो. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रामिप्रिल या गोळ्यांनी बाळाच्या किडनीवर परिणाम होतो, गर्भाशयातलं पाणी कमी होतं, धोका चौथ्या महिन्यापासून जास्त, म्हणजे तुम्ही वेळेत विचारलंय, घाबरू नका. त्याऐवजी साधारण लॅबेटालॉल, हळूहळू विरघळणारी निफेडिपिन नाहीतर मिथाइलडोपा देतात, मिथाइलडोपा तर कितीतरी वर्षांपासून वापरात आहे. फक्त बहिणीला दमा असेल तर ते आधी सांगा, मग लॅबेटालॉल सहसा टाळतात. आणि "गरोदर आहे, गोळ्या नकोच" असं घरचे म्हणतील, त्यांचं ऐकू नका, 2022 च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात बीपी 140/90 च्या खाली ठेवल्यावर आईचे त्रास कमी झाले आणि बाळाचं वजनही घटलं नाही. लहान डोसची ॲस्पिरिन बाराव्या आठवड्यानंतर लागेल का तेही विचारून ठेवा. बीपी 160/110 ला गेलं, डोकं खूप दुखलं, डोळ्यापुढं अंधारी आली किंवा बरगडीखाली दुखलं तर रात्र असली तरी थांबू नका, सरळ सीपीआरला, म्हणजे कोल्हापुरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या.