पेट्रोल पंपाजवळच्या विहिरीला पेट्रोलचा वास येतो, टाकी गळते का हे कसं शोधायचं?

तुम्ही लिहिलंय, विहीर जालना जिल्ह्यात, पंपापासून दीडशे मीटरवर. मे महिन्यात पाण्याला वास आला, पावसाळ्यात गेला. आता गळती आहे का, आणि नवीन बोअर घ्यावा का?

आधी जिवाचं. विहिरीत कुणालाही उतरवू नका, मोटार काढायलासुद्धा नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचते, आणि हवेत दीड टक्क्याच्या आसपास झाली की एका ठिणगीत पेटते. काठावरचा स्टार्टर लांब हलवून घ्या. माणसांना, जनावरांना हे पाणी देऊ नका. तुरटीने किंवा क्लोरीनने पेट्रोलमधलं बेंझीन हे विषारी रसायन जात नाही, आणि उकळलं तर त्याची वाफ घरात पसरते.

वास गेला म्हणजे गळती थांबली असं धरू नका. आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला काळा पाषाण. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, त्यामुळे उन्हाळ्यात पातळी उतरली की तेही मुरमात खाली उतरतं. पावसाळ्यात पाणी चढतं तेव्हा त्यातलं बरंचसं मुरमाच्या पोकळ्यांत पाण्याखाली अडकतं आणि तवंग दिसेनासा होतो. पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते सुटून पुन्हा विहिरीत येतं. म्हणून नमुना ऑक्टोबरला एकदा आणि मे मध्ये एकदा घ्या. नुसत्या पावसाळी नमुन्यावर 'पाणी स्वच्छ' असा दाखला मिळाला तर मी तो मानणार नाही.

तवंग काठीने हलवून बघा. लोहाचा असेल तर पापुद्र्यासारखा तुटतो, तेलाचा लगेच पुन्हा जुळतो. विहिरीवर जुनं डिझेल इंजिन असेल तर ते आधी तपासा, नाहीतर पंपवाला पहिलं बोट तिकडेच दाखवेल. मग विहीर उपसून वरूनच बघा, वास आणि तवंग कुठल्या झऱ्यातून येतो. दिशेचा एवढा स्वस्त पुरावा दुसरा नाही. जमिनीचा उतार मात्र दिशा म्हणून धरू नका, पाषाणात पाणी भेगेच्या वाटेने जातं.

नमुना प्लॅस्टिकच्या बाटलीत घेतला तर फुकट गेला. ४० मिलीची काचेची बाटली, टेफ्लॉन लावलेलं झाकण, आत हवेचा एकही बुडबुडा नाही, लगेच बर्फात. टिकण्यासाठी लागणारं आम्ल प्रयोगशाळा बाटलीत घालूनच देते. तपासणी बेंझीन, टोल्युइन, इथाइलबेंझीन, झायलीन आणि एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन यांची मागा. पिण्याच्या पाण्यात बेंझीनची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे.

पंपाच्या बाजूला टाकीपेक्षा पाइपाचे सांधे आधी संशयित धरा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि सांधे त्यानेच सैल होतात. तासाला ०.४ लिटर गळालं तरी वर्षाला साडेतीन हजार लिटर होतं, पण रोजच्या डिपच्या (टाकीत मोजपट्टी बुडवून घेतलेल्या) नोंदीत ते दिसत नाही. १२,००० लिटरचा तापलेला टँकर जमिनीखालच्या टाकीत १० अंशांनी थंड झाला तर पेट्रोल आकसूनच जवळपास १४० लिटर कमी भरतं, आणि खरी गळती त्या घटीत दडून जाते. म्हणून एका दिवसाची घट बघू नका, वर्षभराची साठवून बघा. पावसाळ्यात टाकीत पाणी येत असेल तर तळाला भोक असण्याची शक्यता मोठी: भूजल वर असताना पाणी आत शिरतं, खाली गेलं की इंधन बाहेर पडतं.

बोअर आत्ता घेऊ नका. आपल्याकडे केसिंग (बोअरच्या भिंतीला आधार देणारा पाइप) कठीण पाषाण लागेपर्यंतच टाकतात, खाली बोअर उघडाच असतो. वरचं दूषित पाणी त्याच वाटेने खोलच्या भेगांत जाईल आणि गावातले चांगले बोअरही जातील. निरीक्षणासाठी घ्यायचेच तर एका रेषेत नसलेले किमान तीन उथळ बोअर हवेत. जाळीचा पाइप ऑक्टोबरच्या आणि मेच्या अशा दोन्ही पातळ्यांना व्यापेल एवढा, वरचा भाग बेंटोनाइटने (पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीने) बंद.

अर्ज प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या छत्रपती संभाजीनगरच्या प्रादेशिक कार्यालयाला आणि पंपाचा स्फोटक परवाना देणाऱ्या 'पेसो'ला (केंद्राची पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना) करा, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेला. तीन गोष्टी लेखी मागा: टाकी आणि पाइपलाइन दोन्हींची गळतीचाचणी, वर्षभराचं साठा रजिस्टर, आणि दोन्ही पक्षांसमोर घेतलेला, सील केलेला नमुना.