मुरगावचे जर्मन आणि कॅमेरावाला विर्शिंग

प्रश्न : ताई नमस्कार. २०१७ च्या डिसेंबरात पणजीला सेरेंडिपिटी कला महोत्सवात बॉम्बे टॉकीज या जुन्या सिनेमा कंपनीच्या फोटोंचं प्रदर्शन लागलं होतं, आजीला घेऊन गेले होते. फोटो काढणारा जर्मन, योजेफ विर्शिंग, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो कैदेत होता म्हणे. आजी तिथंच म्हणाली, "म्हणजे मुरगावच्या बोटींवरचा असणार, त्या जर्मनांना पोर्तुगीजांनी धरलेलं." परवा परत घरात हाच विषय निघाला. तो खरंच मुरगावचा का? आणि त्याने असं केलं काय होतं की इतकी वर्षं आत ठेवलं?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : आजीची आठवण अगदी बरोबर आहे हो, फक्त माणूस वेगळा. १९३९ ला लढाई सुरू झाली तेव्हा गोवा पोर्तुगीजांकडे, आणि पोर्तुगाल तटस्थ, म्हणून इंग्रजांच्या तावडीतून सुटायला एहरेनफेल्स, ड्राखेनफेल्स, ब्राउनफेल्स या तीन जर्मन बोटी आणि आन्फोरा ही इटालियन बोट मुरगावात येऊन थांबल्या, त्या तिथंच अडकल्या. एहरेनफेल्सवरून वायरलेसनं पाणबुड्यांना खबर जाते असा इंग्रजांना संशय, म्हणून ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याहून आलेल्या त्यांच्या लोकांनी गुपचूप हल्ला केला. कप्तान मारला गेला, बोटी बुडाल्या, उरलेल्या खलाशांना पोर्तुगीजांनी धरून ठेवलं. आजी म्हणते ते जर्मन हे.

विर्शिंगचा आणि या बोटींचा काही संबंध नाही. तो म्युनिकचा, जन्म १९०३ चा. १९२५ मध्ये पहिल्यांदा हिंदुस्थानात आला तो 'लाइट ऑफ एशिया'च्या शूटिंगसाठी, दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेनबरोबर. मग हिमांशू राय आणि देविका राणीनं १९३४ ला मालाडला बॉम्बे टॉकीज काढली तेव्हा हे दोघं परत आले, सोबत अजून काही जर्मन तंत्रज्ञ. 'अछूत कन्या'चा (१९३६) कॅमेरा त्याचाच. सिनेमा चालू असताना स्वतःच्या कॅमेऱ्यातून तो सेटवरच्या लोकांचे फोटो पण काढायचा, दोन शॉटच्या मधल्या वेळात टेकलेले नट, रिफ्लेक्टर धरून उन्हात उभी असलेली पोरं, म्हणजे ज्यांची नावं पडद्यावर कधीच आली नाहीत ती माणसं. मी पण ते प्रदर्शन बघितलं आणि मला सगळ्यात जास्त तेच आवडलं, देविका राणीच्या फोटोंपेक्षा सुद्धा.

आता तुमचा खरा प्रश्न, केलं काय होतं. गुन्हा असा काहीच नाही, पासपोर्ट जर्मन होता एवढंच. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉयनं आपल्या पुढाऱ्यांना न विचारता हिंदुस्थान लढाईत आहे असं जाहीर केलं आणि लगेच जर्मन लोकांची धरपकड सुरू झाली. मिशनरी, डॉक्टर, कंपन्यांचे एजंट, सगळे शत्रुदेशाचे नागरिक. हिटलरला घाबरून इकडे पळून आलेल्या ज्यूंना सुद्धा सुरुवातीला आत टाकलं होतं, चौकशी नंतर. हे वाचलं की मला अजून राग येतो. नाझी कोणीच नव्हते असं मात्र मी म्हणणार नाही, ऑस्टेन पक्षाचा सभासद होता. तेव्हा बॉम्बे टॉकीजमध्ये लीला चिटणीसांचा 'कंगन' चालू होता, आणि त्या मधूनच ऑस्टेन आणि विर्शिंगला उचललं. ऑस्टेनचं वय झालेलं म्हणून त्याला सोडून जर्मनीला पाठवलं, विर्शिंग छत्तीस वर्षांचा, तो लढाई संपेपर्यंत स्थानबद्ध.

अशा लोकांच्या छावण्या कुठं होत्या माहितीये? अहमदनगर, देवळाली, सातारा, पुरंदर आणि सगळ्यात मोठी डेहराडूनला. म्हणजे निम्म्या आपल्या मराठी मुलखातच, पण आपल्याकडे याबद्दल कोणी बोलतच नाही, नगरचा किल्ला म्हटलं की नेहरू आणि १९४२ एवढंच आठवतं.

छत्तीस ते चाळिशीपर्यंतची वर्षं म्हणजे कॅमेरामनचा हात सगळ्यात तयार असतो ती, आणि ती तारेच्या कुंपणाआड गेली. तिकडे मालाडचं काम थांबलं नाही, १९४३ चा 'किस्मत' आर. डी. परिंजांनी शूट केला आणि तो कलकत्त्यात तीन वर्षांच्या वर एकाच थेटरात चालला.

सुटल्यावर तो जर्मनीला गेला नाही, इथंच राहिला. ज्या सरकारनं पकडलं ते सरकार गेलं, आणि १९४९ ला 'महल' आला. आजीला यूट्यूबवर 'आयेगा आनेवाला' लावून द्या, घड्याळात दोन वाजतात, अशोककुमार रिकाम्या वाड्यात आवाजाच्या मागे फिरतो, अर्ध्या फ्रेममध्ये नुसता अंधार. तो अंधार विर्शिंगचा. पुढे 'पाकीजा' त्याच्याच हातात होता, पण तो १९६७ मध्ये गेला आणि सिनेमा लागला १९७२ ला.

आणि गोव्याचा संबंध विचाराल तर तो फोटोंचा आहे. त्याच्या घरच्यांनी ते निगेटिव्ह आणि प्रिंट गोव्यात जपून ठेवले, म्हणून तुम्हाला पणजीत बघायला मिळाले. आपल्याकडे जून लागला की कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथं ऐंशी वर्षांपूर्वीची फिल्म टिकवणं म्हणजे किती निगुतीचं काम असेल विचार करा. तुमच्याकडे आजीच्या लग्नातले वगैरे फोटो असतील तर प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवू नका, आत दमट राहतं. कागदाच्या पाकिटात घाला, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि पावसाळ्याआधी एकदा स्कॅन करून घ्या.

अजून एक, आजीला मुरगावबद्दल नीट बसून विचारा. त्या रात्री तिनं स्वतः आग बघितली की नंतर कोणाकडून ऐकलं, घरात कोण काय बोललं, सगळं तिच्याच शब्दांत मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि आमच्याकडे पाठवा, पुढच्या अंकात जागा ठेवते.