पत्र्याचं ‘पिकलिंग’ म्हणजे लोणचं का?

एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांच्या कारखान्यात जस्त चढवण्याआधी पोलादी पत्रा आम्लाच्या टाकीत बुडवतात. त्या ‘पिकलिंग’चा मराठी फलक करायचा आहे, पण भाषांतराच्या यंत्राने ‘लोणचे घालणे’ असं सुचवलं. चालेल का?

नाही चालणार, पण यंत्राची चूक समजून घेण्याजोगी आहे. ‘पिकल’चं मूळ डच भाषेत, अर्थ खारं पाणी. आपलं लोणचंही लवणावरूनच आलं. शिवाय पूर्वी युरोपात कथिलाचा मुलामा देण्याआधी लोखंडी पत्रे चक्क आंबवलेल्या धान्याच्या पाण्यात भिजत घालत. पुढे त्या आंबट पाण्याची जागा गंधकाम्लाने घेतली. आज पोलादासाठी बहुतेक हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात.

अडतं ते ‘मुरणे’ या क्रियापदापाशी. लोणच्यात फोड जितकी मुरेल तितकी चांगली. पत्रा मात्र मुरू द्यायचा नसतो. तापवून लाटताना त्यावर ऑक्साइडची काळपट खपली धरते, आम्लाने तेवढीच काढायची. जास्त वेळ ठेवला तर आम्ल खालचं लोखंडही खाऊ लागतं, हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात, पत्रा खडबडीत होतो. म्हणून तर आम्लात लोखंडाची झीज रोखणारं रसायन घालतात.

याचं घरचं रूप म्हणजे चिंच लावून घासलेली समई. चिंचेतलं आम्ल काळा थर सोडवतं, पण चिंच तशीच राहून गेली की पितळेवर तांबूस डाग पडतात. आपण याला समई ‘घासणं’ म्हणतो, ‘धुणं’ म्हणतो; आंबवणं कुणी म्हणत नाही. ‘आंबवणी’ हा शब्द मलाही मोहात पाडत होता, पण उसाच्या शेतकऱ्याला तो लागणीनंतरच्या पाण्याचा वाटेल. ‘उजाळा’ सुंदर आहे खरा, पण टाकीतून निघालेला पत्रा करडा असतो, चकाकत नाही.

पाठ्यपुस्तकात ‘आम्लमार्जन’ ठीक आहे. फलकावर मी ‘आम्लधुलाई’ लिहीन, कारण धुलाई वेळेत संपते आणि मग स्वच्छ पाण्याने खळबळायचं असतं, हे त्या शब्दातच येतं. कामगारांच्या तोंडी ‘अ‍ॅसिड’च असेल तर ‘अ‍ॅसिडधुलाई’ लिहा, बिचकू नका. त्याखाली ठळक अक्षरांत: ‘पत्रा वेळेत बाहेर काढा.’